शेपटी कोणी धरली होती?

आज सायंकाळी माझ्या ५ वर्षांच्या भाचीने छंदवर्गातून आणलेला कागदी मासा माझ्या हातात ठेवला आणि मोठ्या माणसांना अशा वेळी जे सुचते तेच मलाही सुचले, "अगं, किती सुंदर!" असे म्हणून मी मोकळी झाले. मासा सुंदर होता यात शंका नाही. कागदी थाळीतून त्रिकोणी तुकडा कापून तोंड केलेले, तोच तुकडा मागे शेपटी म्हणून लावलेला, खवल्यांच्या जागी घोटीव कागदाच्या एकसारख्या चकत्या, आणि डिंकाचा एक ओघळ दिसेल तर शपथ. मग मी सहज विचारले, "यातलं तू काय काय केलंस?" तिने थोडा वेळ विचार केला आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले, "टीचर चिकटवत होत्या ना, तेव्हा मी शेपटी धरली होती."

त्यानंतर बहिणीने पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेले छायाचित्र दाखवले. २२ मुले ओळीने उभी, प्रत्येकाच्या हातात मासा, आणि २२ही मासे डावीकडे तोंड करून. एकही मासा उजवीकडे वळलेला नव्हता, एकाचेही पोट सुटलेले नव्हते, एकालाही तिसरा डोळा फुटलेला नव्हता. इतक्या लहान मुलांचे हात त्या कागदाला खरोखर लागले असते, तर असे घडणे शक्य नव्हते, हे छायाचित्राखाली टाळ्यांची चित्रे टाकणाऱ्या प्रत्येक पालकाला कळत असणार. शिक्षिकेचे कौतुक मात्र यथार्थ होते. एका तासात २२ मासे करणे हे येरागबाळ्याचे काम नाही.

मला इतका राग का यावा, असे बहिणीने विचारले. त्याचे कारण जुने आहे.

मी ७ वर्षांची असताना चित्रकलेच्या तासाला "पाऊस" हा विषय दिला होता. मी पेन्सिल आडवी धरून सगळा कागद राखाडी केला, मग अंगठ्याने तो घासत राहिले, इतका की अंगठ्याच्या रेषांमध्ये शिसे जाऊन बसले, आणि खाली एका कोपऱ्यात खिडकीएवढा छोटासा चौकोन पिवळ्या खडूने भरला. मला तो पाऊस अगदी मनासारखा जमला होता. सरांनी कागद उचलला आणि विचारले, "पाऊस कुठे आहे?" मी म्हणाले, "सगळीकडे." सर हसले. त्यांनी पट्टी घेतली, वर एक कापसाच्या बोळ्यासारखा ढग काढला आणि त्यातून निळ्या रंगाच्या तिरप्या, समांतर, सारख्या अंतराच्या रेघा खालपर्यंत ओढल्या. एक रेघ खिडकीवरून गेली. ते चित्र वर्गाच्या फळ्यावर लागले, खाली माझे नाव होते, आणि महिनाभर ज्याने त्याने त्याची स्तुती केली. सर वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. त्यांनी मला मदत केली होती. त्या पावसाची शेपटी मी धरली होती, एवढेच.

मुले जे दिसते ते काढत नाहीत, जे त्यांना ठाऊक असते ते काढतात. ही काही माझी कल्पना नव्हे. झॉर्झ-आन्री ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने आपल्याच मुलीच्या चित्रांचा अभ्यास १९१३ साली प्रसिद्ध केला, निदान तेव्हापासून तरी हे मांडले जात आहे. तीन-चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा एका मोठ्या गोलालाच पाय फुटतात आणि हात कानांच्या जागेवरून निघतात, कारण त्या वयाच्या मुलाच्या लेखी माणूस म्हणजे चेहरा आणि चालणे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या घराला भिंत असते आणि भिंतीच्या आतली खाट, दिवा, झोपलेली आजी हेही सगळे दिसते, कारण आजी आत आहे हे त्याला पक्के माहीत असते. भिंतीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी तिला का वगळायचे? त्याआधीच्या ज्या गिरगोट्यांना आपण "नुसते रेघोट्या मारतेय" म्हणतो, त्यांचे सुद्धा २० मूळ प्रकार रोडा केलॉग या अमेरिकेतील बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी मुलांची असंख्य चित्रे गोळा करून, पाहून वेगळे काढले होते. पॉल क्ले या चित्रकाराने तर आपल्या चित्रांची सूची करताना लहानपणीच्या काही चित्रांना तीत मानाने जागा दिली. आणि आपण काय करतो? छापील बाह्यरेषा मुलापुढे ठेवतो आणि रंग रेषेबाहेर गेला की "अरेरे" म्हणतो.

कोणी म्हणेल की मुलांना काहीतरी शिकवायला नको का, नुसते मोकळे सोडून कसे चालेल. मान्य. कात्री कशी धरावी, कापताना कात्री स्थिर ठेवून कागद कसा फिरवावा, दुसरा रंग घेण्यापूर्वी कुंचला कसा धुवावा आणि फडक्यावर कसा टिपावा, डिंक किती कमी लागतो, हे सगळे दाखवावेच लागते, आणि ज्याला हे कोणी दाखवत नाही ते मूल चिडून कागद टाकून देते. ओरिगामीत तर घडीवर घडी जशीच्या तशीच घालावी लागते आणि मुलांना त्यातही विलक्षण आनंद होतो, हेही मी पाहिले आहे. पण हत्यार कसे वापरावे हे शिकवणे निराळे आणि त्या हत्याराने काय निघाले पाहिजे हे आधीच ठरवून ठेवणे निराळे. पक्षी कसा दुमडायचा ते दाखवा. तो कुठे निघाला आहे आणि त्याच्या पंखांवर काय काढायचे ते त्याच्या मालकाला विचारा.

आणि असे उपक्रम काही दुर्मीळ नाहीत, त्यांना महागडे साहित्यही लागत नाही. जाड कागद पाण्याने ओला करावा, त्यावर जलरंग सोडावा आणि कागदावरची चकाकी अजून गेलेली नाही, पण पाण्याचे थारोळेही उरलेले नाही, अशा नेमक्या वेळी जाड्या मिठाचे चारदोन खडे टाकावेत. मिठाचा खडा आपल्याभोवतीचे रंगीत पाणी ओढून घेतो आणि त्याच्याभोवती फिकट चांदणी उमटत जाते. ती कुठे आणि केवढी उमटेल, हे शिक्षिकेलाही सांगता येत नाही, आणि या उपक्रमाचे सगळे मोल मला तिथेच दिसते. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने काहीतरी गुपित लिहावे, कागद मित्राला द्यावा आणि त्याने त्यावर पातळ रंग फिरवावा. मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही आणि गुपित उघडे पडते. दोरा रंगात बुडवून दुमडलेल्या कागदात ठेवावा, वरून तळहाताने दाबावे आणि दोरा हळूहळू ओढून काढावा. कागद उघडला की एका मुलाला त्यात फूल दिसते, दुसऱ्याला धूर दिसतो आणि तिसऱ्याला मणक्याचा एक्स-रे दिसतो. पानाची शिरा उठून दिसणारी उलटी बाजू वर ठेवून, त्यावर पातळ कागद धरून खडू आडवा घासला की पान स्वतःच चित्र काढते. थोड्या मोठ्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आपलाच बूट समोर ठेवून, कागदाकडे अजिबात न पाहता, एका सलग रेषेत तो काढायला सांगावा. वर्गात जो हशा पिकतो तो ऐकण्यासारखा असतो, कारण सगळ्यांचेच बूट वेडेवाकडे येतात आणि हुशार व ढ हा भेदच उरत नाही. अर्थात नाडीची छिद्रे किती आहेत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते, हा वरचा लाभ.

जांभळ्या रंगाबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. लाल आणि निळा मिळून जांभळा, असे आपण मुलांना पाठ करायला लावतो. मूल केशरीकडे झुकणारा लाल घेते, त्यात निळा मिसळते आणि वाटीत चिखल तयार होतो. ते शिक्षिकेकडे पाहते, शिक्षिका वाटीकडे पाहते आणि "तुझं प्रमाण चुकलं" असे सांगितले जाते. प्रमाण चुकलेले नसते. त्या लालमध्ये पिवळ्याची छटा असते, आणि लाल, पिवळा व निळा एकत्र आले की मातकट तपकिरी रंग येणारच. लालऐवजी गडद गुलाबी घेतला असता तर लख्ख जांभळा आला असता. हे आधी सांगून टाकावे असे मात्र मला वाटत नाही. दोन्ही लाल पुढे ठेवावेत, पूर्ण तास त्यातच घालवावा, आणि चिखल झालेल्या वाटीला फेकू न देता "हा रंग कशाचा असेल?" असे विचारावे. त्या तासाच्या शेवटी घरी नेण्यासारखे काही असणार नाही. छायाचित्रही येणार नाही.

खरे दुखणे नेमके हेच आहे, आणि इथे माझा शिक्षिकेवरचा राग थोडा कमी होतो. तिच्यापुढे २२ मुले, तासाभराचा वेळ, पुसायला एकच फडके. आणि तास संपताच दाराशी उभे असलेले आपण, पहिला प्रश्न विचारणारे, की आज काय केले. ओला, सुरकुतलेला, तपकिरी कागद आपल्या हातात पडला तर पुढच्या महिन्यात आपण मुलाला दुसऱ्या वर्गात घालणार, हे ती ओळखून असते. मासा तिने मुलासाठी केलेलाच नसतो, तो आपल्यासाठी केलेला असतो. आपल्याला फ्रिजच्या दारावर लावण्याजोगी वस्तू हवी असते आणि ती वस्तू ती आपल्याला देते. या व्यवहारात ती एकटी दोषी नाही.

तरीही. फ्रेंच चित्रकार आन्री मातीस यांची गोष्ट मला अशा वेळी आठवते. १९४१ साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना चित्रफलकासमोर फार काळ उभे राहणे जमेना, तेव्हा त्यांनी खुर्चीत आणि अंथरुणात बसून रंगीत कागद कापायला सुरुवात केली. मदतनीस कागद रंगवून देत, मातीस आकार कापत, आणि ते म्हणतील त्या जागी मदतनीस ते टाचण्यांनी भिंतीला लावत, हलवत, पुन्हा लावत. म्हणजे धरण्याचे, चिकटवण्याचे, सरकवण्याचे काम दुसऱ्यांचे होते. कात्री तेवढी त्यांच्या हातात होती. आपल्या छंदवर्गात हीच रचना आहे, फक्त उलटी: कात्री शिक्षिकेच्या हाती आणि मदतनीस म्हणून ५ वर्षांचे मूल.

मुलांच्या चित्रांत हात घालू नये, असे मानणारे वर्ग पूर्वी झालेच नाहीत असे नाही. व्हिएन्ना येथे फ्रांत्स चिझेक या कलाशिक्षकांनी १८९७ साली मुलांसाठी असा वर्ग सुरू केला आणि तो जगभर नावाजला गेला. त्यांच्याकडच्या मुलांची चित्रेही पुढे एकाच वळणाची दिसू लागली, असा आक्षेप काहींनी घेतला, आणि ती चित्रे पाहिली तर तो अगदीच खोटा वाटत नाही. मोठ्या माणसाची आवड खोलीत नुसती उभी असली, तरी मुलांना ती बरोबर कळते. म्हणजे केवळ हात मागे बांधूनही भागत नाही; चेहराही सांभाळावा लागतो.

हे मी फार तोऱ्यात लिहीत आहे, पण गेल्या वर्षी याच भाचीने माझे चित्र काढले तेव्हा मी तिला "मावशीला मान नाही का गं?" असे विचारले होते. तिने लगेच मान काढून दिली, लांबलचक, आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात प्रत्येक माणसाला, मांजराला आणि एकदा सूर्यालाही मान आली. ती निळी तिरपी रेघ मीही ओढली आहे, आणि तीही हसत हसत.

आज जेवणानंतर मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, जाड कागद, दोन लाल, एक निळा, एक पिवळा आणि वाटीत जाडे मीठ ठेवले आणि काहीही न सांगता बाजूला बसले. न सांगणे किती अवघड असते, हे तिथे बसल्यावर कळते. तिने कागदावर इतके पाणी ओतले की चांदण्या उमटणे शक्यच नव्हते, आणि माझी जीभ दातांखाली होती. मग तिने सगळे मीठ एकाच ठिकाणी उपडे केले, त्याचा डोंगर केला आणि त्याच्या टोकावर गुलाबी रंगाचा एक एक थेंब सोडू लागली. डोंगर वरून खाली भिजत गेला. दहा मिनिटांनी मला राहवले नाही आणि मी अगदी हळूच, हवे तर प्रेमाने म्हणा, विचारलेच, "काय करतेयस गं?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली, आणि थेंब सोडत राहिली.

ती आता झोपली आहे. कागद जमिनीवरच आहे, कारण उचलला तर डोंगर घसरेल. सकाळपर्यंत कोणी तिकडून जाऊ नये म्हणून भोवती चार खुर्च्या आडव्या लावल्या आहेत, आणि मला पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे असेल तर पलंगावरून पलीकडे उतरावे लागते. मासा फ्रिजवर आहे. त्याची शेपटी मघाशीच एका बाजूने सुटू लागली होती. मी ती चिकटवलेली नाही.