‘प्रत्येक मुतखड्याला सीटी काढायचा का?’ : चिकोडीच्या डॉक्टरसाहेबांना उत्तर

डॉक्टरसाहेब, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी, फुटण्याचा बाऊ करून मी लोकांना घाबरवतो आणि ‘सलाइन धो-धो सोडू नका’ म्हणून नवख्या डॉक्टरांची दिशाभूल करतो, असं तुमचं म्हणणं. वर शीर्षकातला प्रश्न.

नका काढू. तिशीतला पोरगा गडाबडा लोळत आला तर मुतखडाच धरून चला. पण साठी ओलांडलेला, जन्मभर विडी ओढलेला माणूस पहिल्यांदाच ‘कुशीत कळ आली’ म्हणतो, तेव्हा माझा हात आधी बेंबीच्या वर, महाधमनीवर जातो; फुगलेली महाधमनी फुटतानाही मुतखड्यासारखीच कळ येते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात असे आजोबा तुम्हीही रोज बघता की.

हा शहाणपणा मला ठेच लागून आला. अशाच एका आजोबांना मी मुतखड्याचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं. कळ थांबली, मीही निवांत. पाऊण तासानं उठताना कोसळले, कपाळावर गार घाम. मग पोट चाचपलं. दोन्ही हातांची बोटं मधल्या रेषेच्या दोन बाजूंना ठेवली, तर दर ठोक्याला ती नुसती उचलली जात नव्हती, एकमेकांपासून लांब ढकलली जात होती. म्हणजे महाधमनी फुगलेली. बेळगावच्या वाटेवरच गेले.

ढेरी असली किंवा बीपी पडलं की हे हाताला लागत नाही, हे तुमचं खरं. म्हणून सोनोग्राफी. दोन मिनिटांचं काम. महाधमनी साधारण 2 सेंमी रुंद असते, 3 च्या पुढे फुगवटा. मात्र सोनोग्राफीत फुगवटा दिसतो, गळती बऱ्याचदा दिसत नाही. ‘पोटात रक्त नाही’ या रिपोर्टवर विसंबू नका. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) नोंदणीशिवाय दवाखान्यात मशीन ठेवता येत नाही, तेव्हा जिथं आहे तिथं लगेच धाडायचं. बीपी धरून असेल तर सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन. आतून स्टेंट-ग्राफ्ट (रक्तवाहिनीच्या आत बसवायची कृत्रिम नळी) बसेल की पोट उघडावं लागेल, ते त्यावर ठरतं.

आता सलाइन. पाठीमागच्या बाजूला फुटलेलं रक्त गुठळीनं काही वेळ दबून राहतं. तेवढाच आपला वेळ. सलाइननं बीपी 120 वर नेलंत की गुठळी सुटते, उरलेलं रक्तही पातळ होतं. माणूस शुद्धीत बोलतोय तोवर वरचं बीपी 70 ते 90 चालवून घ्या. जाड सुया लावा, रक्ताची सोय बघा.

आणि ‘कोल्हापूर की बेळगाव, कार्ड कुठं चालतंय’ हा उपचार-योजनेच्या कार्डावरून होणारा नातेवाइकांचा वाद अँब्युलन्सच्या दारात नको. रक्तवाहिन्यांचा सर्जन आज कुठं हजर आहे, ते फोनवर विचारून गाडी तिकडेच वळवा.

त्या लेखाच्या शीर्षकातला ‘टाइमबॉम्ब’ मात्र तुमचं ऐकून काढला.