वहिनींच्या काउंटरवरची जागा

अण्णांनी काल संध्याकाळी शाळेच्या फाटकापासून वहिनींच्या दुकानापर्यंत पावलं मोजली. इंदूरच्या अर्ध्या रामबागेनं पाहिलं. आज ओटल्यावर आले ते आकडा घेऊनच.

"६२ पावलं. माझं पाऊल पाऊण मीटरचं. म्हणजे साडेसेहेचाळीस मीटर. नियम ५० चा आहे."

"गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुझं पाऊल वीतभर पडतं, भिया," नाना म्हणाले.

"मग तर दुकान आणखी जवळ आलं!"

नाना वहिनींची बाजू घ्यायला गेले आणि दुकानच उचलून फाटकाला चिकटवून बसले. मुन्ना इतका हसला की चहा शर्टावर सांडला.

अण्णांना हसू येत नाही. त्यांनी मोबाईल काढला आणि उभं राहून वाचायला लागले. २०२० चा नियम, जास्त मीठ, जास्त साखर, जास्त चरबी असलेलं काहीही शाळकरी मुलांना फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचं नाही. मनगटावरचं घड्याळ मधेच टुंटुं वाजलं, तेव्हा वाचता वाचताच जागच्या जागी पावलं टाकू लागले. आजचे दहा हजार व्हायचे होते.

वहिनी तूरडाळ तोलत होत्या. ओटला दुकानाला लागूनच, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू जातं आणि त्यांनी ऐकावं म्हणूनच अण्णा मोठ्यानं वाचतात.

"अण्णा, तुमचा नातू त्याच फाटकातून येतो," वहिनी तराजूवरून नजर न काढता म्हणाल्या. "रोज दहाची नोट घेऊन येतो. ती नोट माझ्या दुकानात छापत नाहीत."

अण्णा खाली बसले.

मुन्ना वीस वर्षं नमकीनच्या एजन्सीत आहे, सियागंजातून माल उचलून गल्लोगल्ली टाकतो. एरवी थट्टामस्करीत असतो, पण धंद्याचं बोलायला लागला की ऐकावं. "दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. पाकिटं लटकवायचा स्टँड कंपनी फुकट देते. पोरगा आठ दिवसांनी येतो, स्वतः माल लावून जातो. तारीख उलटली तर परत घेतो. वहिनींना त्यात काय जोखीम? शून्य. आणि आता तर शेव-चिवड्यावरचा जीएसटी १२ चा ५ झाला, बिस्किटांवरचा १८ चा ५. पाचचं पाकीट पाचलाच राहिलं, आत चार तुकडे जास्त आले."

"कोल्ड्रिंकवर ४० लावलाय सरकारनं," अण्णा म्हणाले, जणू तो त्यांनीच लावला होता.

"फ्रिज कुणी दिला मला? बाटलीवाल्यांनी," वहिनी म्हणाल्या. "अट एकच, आत दुसरं काही ठेवायचं नाही. दही ठेवलं होतं तर माणूस येऊन बाहेर काढून गेला. फ्रिज त्यांचा, विजेचं बिल माझं."

हे मला माहीत नव्हतं. त्या फ्रिजवरून रोज जातो मी.

मग केळ्यांची गोष्ट निघाली. गेल्या उन्हाळ्यात दुकानात चोइथराम मंडीतून बऱ्हाणपूरची केळी येत. पहिल्या दिवशी निम्मी जात. दुसऱ्या दिवशी डाग पडले की बायका बोटानं दाबून पाहणार आणि ठेवून देणार. तिसऱ्या दिवशी केळी गाईला. "चिप्सचं पाकीट महिनोनमहिने वाट बघतं," वहिनी म्हणाल्या, "केळं तीन दिवस बघत नाही. आणि सडलेलं केळं परत न्यायला कुठला पोरगा येत नाही."

या एका वाक्यापुढे अण्णांच्या मोबाईलमधलं सगळं राजपत्र मला फिकं वाटतं.

चिऊ, म्हणजे मुन्नाची भाची, फिलाडेल्फियाला सार्वजनिक आरोग्य शिकते, सुट्टीवर आली आहे. अण्णांनी तिला साक्षीदार म्हणून पुढे केलं. "सांग यांना, तिथं कोपऱ्यावरच्या दुकानांत कशी फळं ठेवायला लावली!"

"लावली नाहीत काका, मदत केली," चिऊ म्हणाली. तिथं एका संस्थेनं २००४ मध्ये शाळांजवळच्या मोजक्या दुकानांपासून सुरुवात केली, २०१० पासून शहराचं आरोग्य खातं बरोबर आलं आणि पुढे ६०० च्या वर दुकानं झाली. दुकानदाराला फळ्या, टोपल्या, कुठे छोटा फ्रिज दिला, माल कसा टिकवायचा ते शिकवलं. त्याच शहरात शाळकरी मुलांना दुकानाच्या दारात थांबवून विचारलं होतं, काय घेतलंत, कितीचं घेतलंत. सरासरी निघाली साधारण एक डॉलर, आणि त्यात साडेतीनशेवर कॅलरी. चिप्स, गोळ्या, गोड पेयं.

"म्हणजे आपली दहाची नोट," नाना म्हणाले.

"तीच. आणि काका, फळ्या भरल्या म्हणून पोरांची खरेदी लगेच बदलली असंही झालं नाही."

"बघा!" अण्णा उसळले. "म्हणून कायदाच हवा! दंड हवा! घरोघरी कोदो-कुटकीसारखं भरडधान्य हवं!"

कोदो म्हटल्यावर नानांना राहवेना. ज्या वर्षी महाप्रसादाची जबाबदारी अण्णांकडे होती, त्या वर्षी त्यांनी शिऱ्याऐवजी बिनगुळाची कोदोची खीर केली होती. नाना ते दरवर्षी काढतात. "अरे, उंदीरसुद्धा पाठ फिरवून बसला होता त्या वर्षी! पातेलं तसंच्या तसं घरी गेलं."

"पाच जणांनी दुसऱ्यांदा घेतली होती."

"ते पाच तुझ्या घरचे."

मग वर्गणीचा हिशेब निघाला, मग नानांच्या मुलाच्या लग्नात पोहे संपले होते तो विषय, मग पोह्यांवर शेव किती हा इंदुरातला कधीच न मिटणारा वाद. अण्णांचं म्हणणं, पोहे वाफेवरचे, बिचारे निर्दोष, शेवेनं बिघडवले. नानांचं म्हणणं, शेव नसेल तर ते पोहे नाहीत, पथ्य आहे.

मी त्यात नव्हतो. माझ्या मुलीच्या रक्तात बाराव्या वर्षीच साखर सीमेवर निघाली आहे. डॉक्टरांनी विचारलं, शाळेतून आल्यावर काय खाते? मी सांगू शकलो नाही. दहाची नोट मीच देत होतो.

याच दुकानात माझ्या लहानपणी काउंटरवर काचेच्या बरण्या होत्या. फुटाणे, शेंगदाणे, गुडदाणी, राजगिऱ्याचे लाडू. पोराच्या डोळ्यांसमोर बरणी, हात वर केला की कागदाची पुडी. बरण्या आजही आहेत, पण मागच्या फळीवर. पुढे स्टँड लटकतो. माझं म्हणणं एवढंच आहे, ती पुढची वीतभर जागा परत मिळायला हवी, आणि तिचा तोटा एकट्या वहिनींनी सोसू नये. मी ते तसंच बोललो.

वहिनींनी डाळीची पिशवी बांधली. "बरण्या मी उद्या पुढे घेते. फुटाणे नासत नाहीत, त्यांची भीती नाही. पाचची पुडी बांधीन. फळांचं मात्र सांगा, संध्याकाळी उरलेलं कोण नेणार?"

ओटल्यावर शांतता. कायद्याबद्दल तासभर बोललेले आम्ही पाच जण.

"मी नेईन," मी म्हणालो. "रोज, जे उरेल ते. अर्ध्या भावात नको, पूर्ण भावात."

"निम्मं माझ्याकडे," मुन्ना म्हणाला. "आणि वहिनी, केळी नका ठेवू. जाम ठेवा. चार फोडी, वर जीरावन, दहाला द्रोण. पोरं स्टँडकडे बघणारसुद्धा नाहीत." जाम म्हणजे आमच्याकडे पेरू, आणि जीरावन म्हणजे वरून भुरभुरायचा चटपटीत मसाला.

"जीरावनात मीठ असतं!" अण्णा.

"काका, चिमूटभर," चिऊ म्हणाली. "जाम तरी पोटात जाईल."

"चिमूट कुणाची? नानाची चिमूट म्हणजे ओंजळ!"

"आणि कापलेलं फळ उघडं नाही ठेवायचं," वहिनी म्हणाल्या. "पोरगं समोर आलं की कापायचं. सुरी-पाट वेगळा. एवढं मला कळतं, अण्णा, पावलं न मोजता."

घरात दोन जाम होते. वहिनींनी तिथंच कापले, जीरावन भुरभुरलं, द्रोण ओटल्यावर सरकवला. पिकलेल्या जामाचा वास गल्लीभर. अण्णांनी बिनजीरावनाची फोड मागितली. ती नव्हती. त्यांनी एक झटकून खाल्ली, मग दुसरी न झटकता. तिसरीला हात गेला तेव्हा नानांनी खिशातून शेवेची पुडी काढून द्रोणावर धरली.

"नाना, खबरदार!" हे वहिनी, अण्णा आणि चिऊ एकदम ओरडले, आणि मग कुणालाच हसू आवरेना. अण्णांनाही. घड्याळ टुंटुं वाजत राहिलं, ते उठले नाहीत.