'टेन्शन घेऊ नको' म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी दहा मोलाच्या सूचना. लवकर झोपा, हलका नाश्ता करा, आईवडिलांच्या पाया पडा, आणि शेवटी गुलाबाच्या फुलांसकट 'अजिबात टेन्शन घेऊ नका'. खाली सगळ्यांचे अंगठे आणि जोडलेले हात. ग्रुपवर भांडण नको म्हणून तिथे काही लिहिलं नाही. पण दुपार झाली तरी डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितोय.

त्या दहा सूचनांतली एक तरी त्या खोलीत, त्या कॉम्प्युटरसमोर बसल्यावर उपयोगाची आहे का?

माझी भाची गेवराईच्या पलीकडच्या एका गावातली. अभ्यासात हुशार, गणिताची आवड. तिचा पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पेपर होता तेव्हा आदल्या दिवशीच आमच्याकडे संभाजीनगरला येऊन राहिली. सकाळची शिफ्ट, पेपर नऊचा, पण हजर व्हायचं साडेसातला आणि पावणेनऊला गेट बंद. गावातून त्याच दिवशी निघून हे जमतं का, तुम्हीच सांगा. मामा शहरात होता म्हणून तिचं जमलं. गेटवर एक बापलेक भेटले, रात्रभर प्रवास करून आलेले, पोराचे डोळे लाल. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की बाळा, लवकर झोपायला हवं होतंस?

असो. गेटवर हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र (झेरॉक्स चालत नाही), मग अंगावरून मशीन फिरवणं. घड्याळ काढा, मोबाईल नाही, धातूचं काही नाही. भाचीच्या पुढच्या मुलीची चमकी निघता निघत नव्हती, बिचारी रडकुंडीला आली होती. हे आदल्या रात्री घरी आरशासमोर निघालं असतं. पण सांगणार कोण? सगळे आशीर्वाद देण्यात गुंतलेले.

आता खोलीतलं ऐका. पहिल्या दीड तासात फिजिक्स आणि केमिस्ट्री, पन्नास-पन्नास प्रश्न, एकेक मार्काचे. मग दीड तास गणित, पन्नास प्रश्न, दोन-दोन मार्कांचे. पहिला भाग लवकर संपला म्हणून गणित आधी उघडत नाही, आणि गणित सुरू झालं की मागे जाऊन केमिस्ट्रीत काही दुरुस्त करता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे येवो न येवो, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे एक वाक्य तुमच्या त्या दहा सूचनांत असतं तरी मी अंगठा दिला असता.

भाचीचं पहिलं तासभर व्यवस्थित चाललं. मग केमिस्ट्रीच्या मध्यावर स्क्रीन काळी झाली. काळीकुट्ट. तिला वाटलं आपल्याच हातून काही दाबलं गेलं आणि सगळं पुसलं. हात वर करून सरांना बोलवायचंही तिला सुचेना, चोरी पकडल्यासारखी बसून राहिली. शेवटी शेजारच्या मुलाने हात वर केला. सर आले, तिला दुसऱ्या मशीनवर बसवलं, पुन्हा लॉगिन केलं, आणि सगळी उत्तरं जिथल्या तिथे. घड्याळही जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे. काहीही गेलं नव्हतं.

गेलं ते तिचं मन. हात थरथरायला लागले. माऊस धरवेना. केमिस्ट्रीचे शेवटचे प्रश्न ती कोरे सोडून आली. कोरे! जिथे चुकीच्या उत्तराला काही कापत नाहीत तिथे. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, मला वाटलं मी मशीन बिघडवलं, आता पैसे भरावे लागतात का काय."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. मुलगी हुशार आहे, केमिस्ट्री येते, आणि डोक्यात काय, तर मशीनची भरपाई. कारण घरात कॉम्प्युटर नाही, कॉलेजातल्या लॅबला बहुतेक वेळा कुलूप. त्या मशीनशी तिची ओळखच नव्हती, आणि नेमकी परीक्षेच्या दिवशी झाली.

कोणी म्हणेल, ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या वेबसाईटवर सराव परीक्षा असते. असते. पण ती मोबाईलवर बोटाने सोडवून माऊसची सवय होत नाही. आणि हेही मान्य की कागदावर परीक्षा घेऊन सगळं आलबेल होतं असं नाही, २०२४ला मेडिकल प्रवेशाच्या नीटचा पेपर कसा फुटला ते सगळ्यांनी पाहिलं. २०१९पासून सीईटी कॉम्प्युटरवर गेली, त्याला माझा विरोध नाही. राग वेगळाच आहे. व्यवस्था बदलली, आणि आपण मोठी माणसं अजून 'पेन दोन ने, पाण्याची बाटली ने' याच्या पुढे गेलो नाही.

त्या स्क्रीनवर काय असतं ते कोणी सांगतं का? उजव्या बाजूला प्रश्नांच्या आकड्यांचे रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे उत्तर दिलं, लाल म्हणजे पाहून सोडलं, जांभळा म्हणजे पुन्हा बघायचं. पर्यायावर टिचकी मारली आणि 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता थेट दुसऱ्या आकड्यावर उडी मारली, तर दिलेलं उत्तर साठवलंच जात नाही. कीबोर्डला हात लावायचा नाही, सगळं माऊसने. हे सगळं सूचनांच्या पानावर लिहिलेलं असतं, पण त्या क्षणी छातीत धडधडत असताना ते पान कोण वाचतं? मुलं भराभर खाली सरकवतात आणि 'मी सूचना वाचल्या आहेत' यावर खूण करून मोकळी. आपण तरी बँकेचे फॉर्म कुठे वाचतो.

बाहेर पालकांच्या गर्दीत तर अजून वेगळी जत्रा. 'दुपारच्या शिफ्टला सोपा आला होता म्हणे.' अहो, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो, म्हणूनच निकाल मार्कांत न देता पर्सेंटाईलमध्ये देतात. तुमच्याच शिफ्टमधले किती टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळवून आहेत, एवढंच ते मोजतात. पेपर अवघड आला तर तो त्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच अवघड. ही पद्धत सगळ्यांना न्याय देते का, यावर मला शंका आहेत, पण तो वाद त्या पोरीसमोर पेपरनंतर गेटवर कशाला? भाची बाहेर आली तेव्हा एक काका तिलाच विचारत होते, "किती प्रश्न सुटले?" मी तिचा हात धरून तिला उसाच्या रसाच्या गाडीकडे घेऊन गेलो.

आणि चुका काय फक्त मुलांच्याच होतात? २०२५ला २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या पेपरमध्ये वीसेक प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले, त्या सगळ्या मुलांची ५ मे रोजी पुन्हा परीक्षा झाली. त्या मुलांनी त्या दीड तासात स्वतःलाच मूर्ख समजलं असेल. उत्तर काढतोय, ते बरोबरही आहे, आणि पर्यायांत ते नाहीच. काय वाटलं असेल हो?

एवढं लिहिल्यावर जरा निवळलोय. खरं तर खोलीतले ते सर चांगले होते. ओरडले नाहीत, पाणी दिलं, "बेटा, तुझं काही गेलं नाही, स्क्रीन बघ" म्हणाले. भाची त्यांचं अजून नाव काढते. तिला ॲडमिशनही मिळाली, मनासारखी नाही, पण इंजिनिअरिंगलाच आहे. आता वर्षभर लॅबमध्ये असते, मशीन बंद पडलं की हीच आधी उठून केबल बघते.

तर ज्यांच्या घरी यंदा सीईटी आहे त्यांच्यासाठी: आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्याला वायरचा माऊस लावलाय. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो. मुलांना पाठवा. सराव पेपर लावून देतो, मध्येच मुद्दाम बंद करतो आणि पुन्हा चालू करून दाखवतो. गावाकडची कोणी ओळखीची मुलं आदल्या रात्री मुक्कामाला येणार असतील तर तेही सांगा, दोन गाद्या जास्तीच्या आहेत. फक्त तो दहा सूचनांचा मेसेज मला पुन्हा पाठवू नका.