पुरूला कुणी विचारलं का?

मराठी मुलं वाचत नाहीत, ही तक्रार मी फ्रान्समध्ये बसून दरवर्षी ऐकते. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन झाला की तिला सुरुवात होते आणि साहित्य संमेलन उरकेपर्यंत ती चालते. जानेवारी २०२६ मध्ये ९९वं अखिल भारतीय संमेलन साताऱ्यात झालं, तेव्हा आमच्या सांगलीच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा तीच कारणं निघाली: मोबाइल, इंग्रजी माध्यम, क्लास, आईबापांना वेळ नाही. प्रत्येकाकडे एक उपायही होता. पण ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या पोरांनी अलीकडे कोणती कादंबरी वाचली आणि ती त्यांना कशी वाटली, हे एकानेही सांगितलं नाही. कारण कुणी विचारलेलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना कादंबरीबद्दल खरं मत मांडायची जागा आपल्याकडे नाही. त्यात ‘नाही आवडली’ म्हणायची मुभा तर मुळीच नाही. ज्याचं मत कुणाला नकोय तो वाचेल कशाला?

मी राहते ते रेन हे फ्रान्सच्या पश्चिमेकडचं शहर. ‘गोन्कूर’ हा फ्रेंच कादंबरीचा सगळ्यात मानाचा पुरस्कार पॅरिसमधल्या गोन्कूर अकादमीतले नामवंत लेखक ठरवतात. १९८८ पासून त्याला जोडून विद्यार्थ्यांचा गोन्कूर दिला जातो, आणि त्याची मुळं आमच्या रेनमध्ये आहेत. देशभरातून पन्नासेक वर्ग निवडतात, म्हणजे साधारण २००० मुलं. वयं पंधरा ते अठरा. त्यांत नुसते हुशार मुलांचे वर्ग नसतात. तंत्रशाळांतली मुलं असतात, शेतीशाळांतलीही असतात. अकादमीने पहिल्या यादीत घेतलेल्या सगळ्या कादंबऱ्या या मुलांनी दोनेक महिन्यांत वाचायच्या, वर्गात भांडायचं, मग आपला एक प्रतिनिधी निवडून पुढे पाठवायचा. आधी विभागवार बैठका होतात, शेवटी राष्ट्रीय. मधल्या काळात लेखक मुलांना भेटायला येतात आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड देतात. नोव्हेंबरात निकाल लागतो. मुलांनी निवडलेल्या पुस्तकाचा खप कित्येक पटींनी वाढतो, म्हणून प्रकाशकही या मतांकडे डोळे लावून असतात.

एका वर्षी माझ्या मुलीचा वर्ग त्यात होता. सप्टेंबरात पुस्तकांची खोकी शाळेत आली आणि पुढचे दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. पालकांना एका चर्चेला बसायची परवानगी मिळाली म्हणून मीही जाऊन बसले. बाईंचा नियम एकच होता: काहीही म्हणा, पण पान दाखवा. एक मुलगा म्हणाला, या लेखकाला आपल्या आईचा राग आहे आणि तो राग त्याने नायिकेवर काढलाय. बाई म्हणाल्या, पान? त्याने दोन पानं दाखवली. समोरच्या मुलीने तिसरं पान उघडून त्याला खोडून काढलं. एकीने उभं राहून सांगितलं की मी साठाव्या पानावर पुस्तक मिटलं आणि पुढे वाचणार नाही. मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. बाईंनी शांतपणे विचारलं, साठाव्या पानावर काय झालं? ती मुलगी त्यावर दहा मिनिटं बोलली. त्या दिवशी सगळ्यात बारकाईने वाचलेली तीच होती.

मुलांची निवड नेहमी मोठ्यांसारखी नसते. २०२० साली मोठ्यांनी एर्वे ल तेलिएला गोन्कूर दिला आणि मुलांनी कॅमेरूनच्या जाइली अमादू अमाल यांची कादंबरी निवडली. जबरदस्तीची लग्नं आणि सवतींच्या संसारातल्या बायका हा तिचा विषय. २०२३ मध्ये मुलांनी नेज सिनो यांचं, लहानपणी सावत्र बापाकडून झालेल्या लैंगिक अत्याचारावरचं पुस्तक निवडलं. आपल्याकडे अशा पुस्तकाला ‘मुलांच्या हाती देऊ नका’ म्हणून आधीच कपाटात घातलं असतं. इथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी ते वाचलं, त्यावर गंभीरपणे बोलली आणि त्याला मत दिलं. या वयाला काय झेपतं याचा आपला अंदाज फार कमी आहे, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

फ्रान्स म्हणजे वाचनाचा स्वर्ग, असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. ‘पिझा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या फ्रेंच मुलांचे वाचनाचे गुण २०१८ मध्ये ४९३ होते, २०२२ मध्ये ४७४ झाले. इथल्या शिक्षिकाही मोबाइलच्या नावाने रडतात. ज्या वर्गांची निवड होत नाही त्यांच्या वाट्याला ती खोकी येत नाहीत. पुरस्कारामागे पुस्तकं विकणाऱ्या एका बड्या साखळीचा पैसा आहे, आणि मुलांनी कोणत्या पुस्तकांतून निवडायचं हे शेवटी पॅरिसची मोठी माणसंच ठरवतात. एवढं सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. मुलाचं मत ही या देशात परीक्षेतसुद्धा मोजायची गोष्ट आहे. अकरावीच्या शेवटी इथे फ्रेंचची वीस मिनिटांची तोंडी परीक्षा असते. त्यातले वीसपैकी आठ गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या पुस्तकावरच्या बोलण्याला असतात. हेच पुस्तक का निवडलंस, असं परीक्षक विचारतो. मुलं याचीही तयार उत्तरं पाठ करून जातात, ते मी घरातच पाहिलंय. पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला पाठांतर संपतं आणि मूल बोलायला लागतं.

आपल्याकडे दहावीच्या कुमारभारतीत कवितेच्या ओळींचं रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी चौकट ठरलेली. गाइडमध्ये ती भरून मिळते. कविता कोणतीही असो, ती सुंदरच असणार हे प्रश्नातच गृहीत धरलेलं. कविता पटली नाही असं लिहिणाऱ्या मुलाला गुण कशाचे द्यायचे, हे त्या चौकटीत बसत नाही. मग हीच सवय कादंबरीवर बोलतानाही लागते. एका ऑक्टोबरात मी सांगलीत होते तेव्हा नात्यातल्या एका शिक्षिकेने मला त्यांच्या शाळेच्या वाचन प्रेरणा दिनाला नेलं. नववीची मुलं एकेक करून माइकपाशी येत होती. ‘लेखकाची भाषा ओघवती आहे. प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात. प्रत्येकाने ही कादंबरी अवश्य वाचावी.’ पुस्तक बदललं तरी वाक्यं तीच. टाळ्याही तेवढ्याच. मुलांचा यात काही दोष नाही. त्यांच्याकडून जे मागितलं तेच त्यांनी दिलं.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाबाहेर भेळेच्या गाडीपाशी त्यातलीच एक मुलगी भेटली. तिने ‘ययाति’वर भाषण केलं होतं. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ, १९७४ चं, या कादंबरीच्या लेखकाला मिळालं. त्यामुळे आमच्या गावात या पुस्तकाला वेगळाच मान आहे. मी तिला विचारलं, खरंच आवडली का गं? तिने आधी बाई जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग म्हणाली, ‘मावशी, मला राग आला बघा. ययाती सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. तिघांनाही आपापलं दुःख सांगायला मिळतं. आणि ज्याचं तारुण्य मागून घेतात त्या पुरूला एक प्रकरण नाही. बापाने मागितलं, त्याने दिलं. त्याला काय वाटलं ते कोण सांगणार?’

मी ही कादंबरी कॉलेजात वाचली, नंतर पुन्हा वाचली. देवयानीचा अहंकार, शर्मिष्ठेचा त्याग, भोग आणि संयम यांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली. कादंबरी तिघांच्या तोंडून येते हेही तेव्हा लिहिलं असेल. पण त्या तिघांत पुरू नाही, हे एकदाही मनात आलं नव्हतं. ते सुचायला पुरूच्या वयाचं असावं लागतं. खांडेकरांनी तसं का केलं यावर कुणी चांगलं उत्तर देऊ शकेल: ही भोगाच्या मागे धावणाऱ्याची कथा आहे, म्हणून सांगणारेही त्याच वणव्यातले घेतले. मग त्या मुलीने त्यावर उलट बोलावं. हीच तर साहित्यचर्चा. ती भेळेच्या गाडीपाशी झाली आणि सभागृहात झाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच गाडीपाशी आटपाडीकडचा एक मुलगा होता. सांगलीत मामाकडे राहून शिकणारा. तो ‘बनगरवाडी’बद्दल बोलला. माडगूळकरांचं माडगूळ त्याच्याच तालुक्यातलं. त्याचं म्हणणं, शेवटी दुष्काळात वाडी उठते तिथे मला रडू आलं नाही, आजोबांना आलं. ‘आमच्याकडं आता टेंभूचं पाणी आलंय, डाळिंबं आहेत. मला ते पुस्तक गोष्टीसारखं वाटतं, आजोबांना ते खरं वाटतं.’ एका घरात एका कादंबरीची दोन वाचनं झाली, आणि त्यांच्यामध्ये एक पाणीयोजना आहे. असलं निरीक्षण रेनच्या कुठल्याही वर्गातून निघणार नाही, कारण ती कादंबरी तिथल्या मुलांच्या आजोबांच्या गावची नसते. आपल्या मुलांचं हे बळ आहे. कृष्णा-वारणेच्या आणि माणदेशाच्या पोरांना त्यांच्याच मातीतल्या कादंबऱ्या मिळालेल्या आहेत.

अर्थात, यातच अडचणही आहे. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. ‘फकिरा’ची सुरुवात जोगिणीच्या प्रसंगाने होते. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून राणोजी जोगीण, म्हणजे त्या मानाचं प्रतीक, आणायला जातो आणि जीव गमावतो. समजा, एखादा मुलगा म्हणाला की जत्रेच्या मानासाठी जीव देणं मला पटलं नाही. आपल्याकडे त्याचं वाक्य ऐकण्याआधी त्याचं आडनाव ऐकलं जाईल. एका आडनावाचा मुलगा असेल तर ते शौर्याचा अपमान ठरेल, दुसऱ्या आडनावाचा असेल तर घरच्यांशी बेइमानी. हे मी फ्रान्समध्ये बसून सहज म्हणते असं कुणी म्हणेल आणि ते खरं आहे, परिणाम मला भोगावे लागत नाहीत. म्हणूनच शिक्षक खंबीर हवा. पान दाखवा, हा नियम अशा वेळी मुलाला वाचवतो. बोलणं पुस्तकावर राहतं, माणसावर जात नाही.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एका जुन्या मित्राने विचारलं, सोळा वर्षांच्या पोराला खांडेकर काय कळणार? थोरांवर बोट ठेवायला शिकवलंस तर उद्या ती कुणालाच मानणार नाहीत. माझ्या अनुभवात उलटं होतं. माझ्या मुलीच्या वर्गाने ज्या कादंबरीला सगळ्यात जास्त झोडपलं, तिच्या लेखकाला भेटायला सगळ्यात जास्त मुलं गेली. आणि ज्या लेखकाला कधी कुणी प्रश्न विचारत नाही, त्याच्या नावाचा चौक होतो, पण त्याची पुस्तकं कपाटातच राहतात.

पुस्तकं आपल्याकडे नाहीत असं तर नाहीच. १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक वाचनालयं गावोगाव आहेत. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं, ग्रंथांची फार मोठी हानी झाली, तरी वाचनालय पुन्हा उभं राहिलं. महाबळेश्वरजवळच्या भिलारला मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर घराघरांत पुस्तकं मांडलेली. स्ट्रॉबेरी खायला आलेले पर्यटक तिथे बसून वाचतात, चांगलंच आहे. पण वाई, जावळी, महाबळेश्वरच्या शाळांतल्या मुलांनी तिथे जमून यंदाची आपली कादंबरी कोणती ते का ठरवू नये? साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला पुरस्कार देते, राज्य सरकारही देतं. निवडणारे सगळे मोठे. मुलांसाठीचं पुस्तक कोणतं चांगलं, हेही मुलांना विचारायचं नाही, हे मला मुळीच पटत नाही.

याला फार पैसा लागत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पाच मराठी कादंबऱ्या निवडाव्यात. त्यांत एखादी गाजलेली जुनीही चालेल. एकेका शाळेला प्रत्येकीच्या आठ-दहा प्रती द्याव्यात. प्रती वाचनालयाने घ्याव्यात, गावच्या एखाद्या सोसायटीने किंवा आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी खर्च उचलावा. आमच्या ग्रुपमधल्या काही जणांनी पैसे द्यायची तयारी दाखवली आहे आणि सांगलीतल्या दोन शिक्षिका वर्ग द्यायला तयार आहेत. निकाल औदुंबरला लावावा असं माझ्या मनात आहे. तिथे संक्रांतीला कृष्णाकाठी सदानंद साहित्य संमेलन भरतं, ऐकायला खेड्यापाड्यातून माणसं येतात. आयोजकांनी मुलांना एक तास द्यावा, लेखकांनी समोर बसावं आणि अध्यक्षांनी मधे बोलू नये. दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारीतल्या परीक्षेचं ओझं असतं, म्हणून पहिल्या वर्षी नववी आणि अकरावीचेच वर्ग घ्यावेत. दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तकं त्यांच्या हातात पडायला हवीत.