होमलँडर मेला नाही, म्हणून काहीच घडलं नाही?

"‘द बॉईज’च्या तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग म्हणजे फसवणूक. आठ भाग ताणलं आणि होमलँडर जिवंत तो जिवंतच. बुचर ऐनवेळी उगाच फिरला. कॉमिकचं वाटोळं केलं, वर राजकारण घुसडलं." आमच्या फोंड्याकडच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपात हा मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतोय. (‘द बॉईज’ म्हणजे कॉमिकवरून केलेली अमेरिकन वेबमालिका; होमलँडर हा तिच्यातला सर्वांत ताकदवान आणि क्रूर सुपरहिरो, बुचर हा त्याच्या जिवावर उठलेला माणूस.) एकेक मुद्दा घेतो. (सीझन बघायचा असेल तर इथेच थांबा, मी सगळं फोडणार आहे.)

"काहीच घडलं नाही." पहिल्या सीझनमध्ये, २०१९ साली, हाच होमलँडर विमानभर माणसं मरायला सोडतो आणि नंतर कॅमेऱ्यापुढे दुःखी चेहरा करतो. दुसऱ्याच्या शेवटी त्याच्याच टोळीतली सुपरहिरो मेव्ह त्याच विमानाचा व्हिडिओ दाखवते, तर हा निमूट मागे सरतो. म्हणजे त्याला आवरणारी गोष्ट एकच होती: लोक काय म्हणतील. दुसऱ्या सीझनमध्ये निदर्शकांना डोळ्यांतल्या किरणांनी जाळायचं तो नुसतं मनात आणतो. ८ जुलै २०२२ च्या भागात ते प्रत्यक्ष घडतं. त्याच्या विरोधात गेलेली सुपरहिरो स्टारलाइट, तिचा एक समर्थक होमलँडरच्या पोराला, रायनला, डबा फेकून मारतो आणि होमलँडर भर गर्दीत त्याचं डोकं उडवतो. क्षणभर चिडीचूप. मग आरोळी ठोकतो तो टॉड, बुचरचा साथीदार एमएम, त्याच्या मुलीचा सावत्र बाप, चारचौघांसारखा संसारी माणूस. पाठोपाठ सगळी गर्दी. रायन हसतो. लगाम तुटला की हो! यापेक्षा मोठं काय घडायला हवं होतं?

पेडण्यात पहाटेपर्यंत दशावतार बघत वाढलेल्यांना शेवटी राक्षस पडलेला हवा असतो, हे कबूल. पण तिथे राक्षसाला टाळी पडते ती नटाच्या कामाला. इथे गोष्टीतलेच लोक खुनाला टाळ्या देतात.

"बुचर उगाच फिरला." बेकाने, म्हणजे बुचरच्या बायकोने आणि रायनच्या आईने, मरताना त्याच्याकडून रायनला जपायचं वचन घेतलं होतं. तरी याच सीझनमध्ये तो पोराला टाकून बोलतो, दूर लोटतो. म्हणून तर पोर बापाकडे जातं. होमलँडरला मारायला बुचरने सोबत घेतलेला जुना सुपरहिरो सोल्जर बॉय त्या पोरावर हात टाकतो तेव्हा बुचरने "चालू दे" म्हटलं असतं, तर ते जास्त खोटं वाटलं असतं.

"कॉमिकचं वाटोळं." गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या कॉमिकमध्ये होमलँडरला मारतो त्याच्याच टोळीतला मुखवटेवाला ब्लॅक नॉयर, आणि तो निघतो होमलँडरचाच क्लोन. मालिकेत होमलँडरच नॉयरला मारतो, कारण सोल्जर बॉय हा होमलँडरचा बाप आहे हे नॉयरने दडवलं. कॉमिकच्या शेवटाकडे जाणारी वाट लेखकांनी मुद्दाम बुजवली. वाचलेल्यांनाही पुढचं ठाऊक नसावं, हा त्यातला डाव. मला आवडला.

राजकारणाचं काय सांगावं? पहिल्याच सीझनमध्ये व्हॉट, म्हणजे या सुपरहिरोंवर धंदा करणारी कंपनी, त्यांना सैन्यात घुसवायला धडपडते आणि धर्माच्या नावाने मेळावे भरवते. तेव्हा दिसलं नाही का?

एका बाबतीत मात्र तक्रार रास्त आहे. मेव्ह अंगातून स्फोट सुटायच्या बेतातल्या सोल्जर बॉयला कवटाळून टॉवरवरून उडी घेते, शक्ती गमावते, जीव मात्र वाचतो. सोल्जर बॉयला तर पुन्हा बर्फात निजवून ठेवतात. ही सोयच झाली. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं एवढंच लिहिलं असतं, तर मीही अंगठा दिला असता.