सावळ्या नवरीला राखाडी कसं करावं

लग्नसराई सुरू झाली, तेव्हा इंदूरच्या समस्त नवोदित मेकअप आर्टिस्ट तायांना दोन हिताच्या गोष्टी. निमित्त परवाचंच. राजेंद्रनगरातल्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला आणि मुंडावळ्यांमागून नवरीचा चेहरा दिसला. थेट उज्जैनच्या भस्मारतीहून आल्यासारखा. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, हिरव्या चुड्याखालचे हात तिसऱ्या. आर्टिस्टच्या कार्डावर मात्र छापलेलं: 'प्रत्येक त्वचेचा सन्मान.'

असा सन्मान तुम्हालाही करायचा असेल तर किटमध्ये फाउंडेशनच्या तीन शेड्स पुरे: गोरी, जरा गोरी आणि फोटोपुरती गोरी. २०१७ साली फेंटी ब्यूटी या मेकअप कंपनीनं पहिल्याच फटक्यात फाउंडेशनच्या ४० शेड्स काढल्या. त्यांना दुसरा उद्योग नसेल. शेड बघायची ती मनगटावर, जबड्यावर चुकूनही नको, कारण जबड्यावर मानेशी ताळमेळ लागतो. खिडकीतला उजेड टाळा, रिंग लाइट लावा. लावल्या लावल्या 'परफेक्ट' म्हणून मोकळं व्हा; दहा मिनिटं थांबलात तर काही फाउंडेशनं हवेनं गडद होतात, मग पंचाईत. कातडीखाली पिवळसर, तांबूस की ऑलिव्ह झाक आहे ते बघत बसू नका, सरसकट गुलाबी बेस थापा. ट्रायल तर हळदीच्या नंतरच घ्या, म्हणजे कोरड्या कातडीत धरून बसलेला पिवळेपणा मुलीचाच रंग समजता येईल.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर आधी नारंगी करेक्टरचा पातळ हात दिला तर निळसर काळपटपणा मरतो आणि वर कन्सीलर चिमूटभर पुरतो. म्हणून तो देऊ नका. थेट दोन शेड उजळ कन्सीलर चोपडा, राख तयार. त्याखाली झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन, वर सिलिकाची पांढरी पावडर सढळ हातानं. आरशात काही कळणार नाही. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की पावडर उजेड परत फेकते आणि अल्बमभर पांढरा मुखवटा. आणि त्या अल्बमचे पैसे मुलीच्या बापानं मोजलेले असतात, तुमच्या नाही!

बरं, 'गोरं करू' असं म्हणायचं नाही हं. २०२० साली त्या प्रसिद्ध ट्यूबवरूनसुद्धा 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. तुम्हीही 'ब्राइटनिंग' म्हणा आणि पॅकेजमध्ये वेगळे पैसे लावा. मुलगी स्वतः 'माझ्याच रंगाचं करा' म्हणाली तर तिच्या मावशीकडे बघून हसा. मावशी आपल्याच बाजूच्या असतात. पण ताई, शालू तिनं स्वतःच्या रंगाला शोभेलसा निवडला, दागिने निवडले, आणि तुम्ही शेवटच्या दीड तासात तिचा रंगच बदलून टाकलात. तिच्या रंगावर उपचार करायला तुम्हाला बोलावलं कोणी होतं?

असो. स्वच्छता. मस्काऱ्याची एकच कांडी नवरीला, करवलीला, आत्याला, मामीला. सगळ्या घराचे डोळे एकदम आले की जिव्हाळा वाढतो.

जबाबदारीसाठी बोर्डावर 'क्रुएल्टी फ्री' लिहा. प्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदीच आहे, पुण्य फुकटचं. 'व्हीगन'ही लिहा आणि सीआय ७५४७० छापलेली लाल लिपस्टिक लावा. तो आकडा म्हणजे कार्माइन, किडे वाळवून काढलेला रंग. इंदुरात जैन नवऱ्या काही कमी नाहीत, त्यांना नक्की लावा.

हायलायटरची चमक अभ्रकाची. झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे तो वेचायला पोरं बिळांत शिरतात, हे कंपनीला विचारू नका, मूड जातो.

असिस्टंट मुलीला पहाटे चारला उभी करा आणि पैशांऐवजी 'अनुभव' द्या.

कचऱ्याचं तर विचारूच नका. आमच्या घरी ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा भाग होतात. गाणं वाजवत गाडी आली की आजी जिना उतरून डबे घेऊन जाते. आणि तुम्ही पॉलिस्टरचे वाइप्स कार्यालयाच्या कमोडात टाकता? ते विरघळत नाहीत, तुंबतात. ग्लिटर बेसिनमध्ये झटकता. युरोपात सुट्या प्लास्टिक ग्लिटरची विक्री २०२३ च्या ऑक्टोबरपासून बंद झाली, तुमच्याकडे अजून डबीच्या डबी.

पुरे झाली थट्टा. चार-पाच गडद शेड्स विकत घ्या, मधल्या छटा स्टीलच्या पॅलेटवर थेंब थेंब मिसळून होतात. ट्रायल हळदीच्या आधी. मुलीला खिडकीशी बसवा, जबड्यापासून मानेपर्यंत तीन पट्टे ओढा, दहा मिनिटं हात बांधून बसा. जो पट्टा दिसेनासा होईल तो तिचा रंग. मग फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढा, राख दिसली तर पुसून पुन्हा करा. मस्काऱ्याला माणशी नवी डिस्पोजेबल कांडी, एकदा वापरलेली परत नळीत बुडवायची नाही. एवढंही जमत नसेल तर अॅडव्हान्स परत द्या. आणि जाताना कमोडातले ते वाइप्स काढून घेऊन जा.