अर्ध्या तासात डोंगर म्हणे!

चौथा कॅनव्हास वाया घालवला आज. चौथा! डोकं नुसतं तापलंय, म्हणून लिहितोय.

तेलरंगात बर्फाचा डोंगर शिकवणाऱ्या व्हिडिओत बघावं तर अर्ध्या तासात सगळं तयार. आधी कॅनव्हासला पातळ पांढरा चोपडायचा, तो ओला असतानाच आकाश, मग नाईफनं, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीनं, काळपट निळा डोंगर, आणि शेवटी पांढरा रंग नाईफवर घेऊन हळूच, अजिबात दाब न देता नुसता सरकवायचा की बर्फ आपोआप तुटत तुटत बसतंय. बसतंय म्हणे! माझ्याकडनं पहिल्याच फटक्याला वरचा पांढरा आणि खालचा निळा एक झाला, डोंगर असला राखाडी की भांडी पुसायचं फडकं वाळत घातल्यागत. पुसला, परत लावला, परत पुसला, जेवढं नीट करायला जावं तेवढा चिखल वाढतोय.

आणि आता तीन महिन्यांनी कळतंय की डोंगराचा रंग लावून झाल्यावर तो खरवडून काढायचा असतो, नुसता डाग ऱ्हायला पाहिजे, आणि बर्फाचा पांढरा घट्ट पाहिजे, फ्रीजमधल्या लोण्यासारखा. माझी स्वस्तातली स्टुडंट ट्यूब पिळली की आधी तेल येतंय, मग रंग. त्यात मी शहाण्यानं वरनं आणखी जवसाचं तेल ओतलेलं! हे पहिल्या मिनिटाला सांगायला काय झालतं ओ? दुकानात लिक्विड व्हाईट, म्हणजे तो आधी चोपडायचा पातळ पांढरा, मागितला तर काकांनी भिंतीचा प्रायमर पुढं केला, किती लिटर पाहिजे म्हणून विचारलं वर.

बरं, बिघडलेलं वाळू दे, मग वरनं दुसरा हात मारू म्हटलं तर तेही नाही. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतंय, आणि टायटॅनियम व्हाईट, म्हणजे हाच बर्फाचा पांढरा, तर त्यातला मुलखाचा आळशी. वर आपल्या कोल्हापूरचा पाऊस, आठ-आठ दिवस दमट. इथं चड्ड्या वाळंनात तिथं डोंगर कुठला वाळतोय! बारा दिवस कपाटावर ठेवलेला कॅनव्हास, आई झाडायला गेली आणि अख्खा हिमालय पदराला. मग माझा उद्धार झालाच, पण जाता जाता म्हणती, "जोतिबाचा डोंगर व्हय रे? चांगला काढलाईस की." काय बोलणार.

दोस्त तर त्याच्याही पुढं. "आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान, त्यांनी रंकाळा तलाव रंगवला, कोटीतीर्थ तलाव रंगवला, समोर होतं ते काढलं. तुला बर्फ कशाला पाहिजे? २० किलोमीटरवर पन्हाळा आहे, तो काढ." अरे भावा, बघितलायस का पन्हाळा नीट? बेसाल्टचा, माथा सुरीनं कापल्यागत सपाट, टोक नाही, बर्फ नाही, आणि पावसाळ्यात खालपासनं वरपर्यंत नुसता हिरवा. पन्नास तऱ्हेचा हिरवा! इथं दोन रंग सांभाळताना माझी ही गत, आणि हा सांगतोय हिरवा कर.

पाचवा कॅनव्हास घ्यायचा म्हणून आत्ता बॉक्स उघडला. बारा ट्यूबांचा सेट, सगळ्या एकाच मापाच्या, कुणाच्या डोक्यातनं आलं असलं काय माहीत. अकरा जवळजवळ तशाच आहेत, आणि पांढरी संपली. परत.